अपील नव्हे, अपिलाची परवानगी

“मग आता सुप्रीम कोर्टात जाऊ,” असे माझे अशील श. यांनी दुभाष्याकरवी सांगितले, तेव्हा त्यांच्या आवाजात निराशा नव्हती. एका मजल्यावर काम झाले नाही तर वरच्या मजल्यावर विचारू, इतक्या सहजपणे ते बोलले होते. अपर ट्रायब्युनलचा, म्हणजे आश्रयाच्या अपिलांतल्या दुसऱ्या पायरीवरच्या न्यायाधिकरणाचा, निकाल आदल्या दिवशी दुपारी आमच्या कार्यालयाच्या ईमेलवर आला होता आणि त्यात त्यांचे अपील फेटाळले होते. रात्री मी तो दोनदा वाचला होता. वरचा मजला आहे खरा, पण त्याचा जिना आपल्यासाठी उघडा असेलच असे नाही, हे आता पहिल्या दहा मिनिटांतच त्यांना सांगणे मला भाग होते.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात, सॉलिसिटरांच्या एका लहान कार्यालयात केसवर्कर म्हणून काम करते. भारतात काही वर्षे वकिली केली असली तरी येथे मला न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार नाही. कागद जमवणे, मुदती मोजणे, अशिलाचे म्हणणे ऐकून घेणे आणि ते बॅरिस्टरच्या उपयोगी पडेल अशा रूपात लिहून काढणे, हे माझे काम. हा लेख श. यांच्या संमतीने, त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलून लिहिला आहे. येथील निकालपत्रांतही आश्रय मागणाऱ्यांची नावे सहसा छापत नाहीत. दोन आद्याक्षरे आणि देशाचे नाव, एवढेच उरते. एचजे, इराण. आरटी, झिम्बाब्वे. केव्ही, श्रीलंका. ज्यांच्यामुळे या देशाच्या कायद्यात मोलाची भर पडली ती माणसे अशी अक्षरांपुरती राहिली आहेत, आणि त्यांच्या जिवाचा विचार करता ते योग्यच आहे.

श. हे इराणमधले कुर्द. २०१९ मध्ये ते येथे आले आणि त्यांनी आश्रय मागितला. आपण एका बंदी घातलेल्या कुर्दी पक्षाची पत्रके गावोगाव पोहोचवत होतो आणि एका साथीदाराला अटक झाल्यावर पळालो, असे त्यांचे म्हणणे होते. होम ऑफिसने, म्हणजे येथील गृहखात्याने, ते अमान्य केले. पहिले अपील ऐकणाऱ्या फर्स्ट टियर ट्रायब्युनलच्या न्यायाधीशांनीही, मुलाखतीतले जबाब आणि नंतरचे निवेदन यांत तारखांचा मेळ बसत नाही म्हणून, पत्रकांची हकिगत नाकारली. मात्र दाव्याचा दुसरा भाग तेथे संपत नव्हता. ब्रिटनमध्ये आल्यानंतर श. लंडनमधल्या इराणी दूतावासासमोरच्या निदर्शनांत गेले होते, त्यांचे फोटो निघाले होते, आणि त्यांच्या फेसबुक खात्यावर इराणी राजवटीविरुद्ध दोन-तीन वर्षांचा मजकूर होता. मायदेशी असताना कोणी काही केले नसले, तरी येथे येऊन केलेल्या गोष्टींमुळे परतल्यावर छळ होण्याची वाजवी शक्यता असेल, तर १९५१ च्या निर्वासितविषयक कराराखाली संरक्षण मिळू शकते. इराणी कुर्दांच्या बाबतीत तर अपर ट्रायब्युनलने २०१८ च्या एचबी प्रकरणातील मार्गदर्शक निकालात म्हटले आहे की कुर्दी राजकीय हालचालींचा नुसता संशय आला तरी तेथील यंत्रणा बंदुकीच्या घोड्यावर बोट ठेवूनच वागते.

येथे एका चुकीचा उल्लेख केला पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या घडामोडींवर तिची सावली आहे. फर्स्ट टियरच्या सुनावणीच्या वेळी श. यांचे काम आमच्याकडे नव्हते. त्या वेळच्या प्रतिनिधीने, ज्यांचे नाव घेण्याचे येथे कारण नाही, फेसबुकवरील मजकुराच्या वीस-बावीस पानांच्या छायाप्रती जोडल्या होत्या. बस, एवढेच. आता त्याच वर्षी, म्हणजे २०२२ च्या आरंभी, अपर ट्रायब्युनलने एक्सएक्स नावाच्या इराणी प्रकरणात फेसबुकच्या पुराव्याविषयी सविस्तर मार्गदर्शन केले होते. छायाप्रतींना फार थोडी किंमत आहे, कारण ‘तुमची माहिती डाउनलोड करा’ ही सोय वापरून सगळे खाते, कोठून उघडले आणि केव्हा काय लिहिले या नोंदींसह, काही क्षणांत मिळवता येते. मग ते का दिले नाही, असा प्रश्न त्या निकालातून उभा राहतो. श. यांना ही सोय ठाऊक नव्हती आणि त्यांना ती कोणी सांगितलीही नाही. न्यायाधीशांनी छायाप्रतींना महत्त्व दिले नाही, यात न्यायाधीशांची चूक काढता येत नाही. जे समोर ठेवले गेले नाही, त्याचा विचार त्यांनी कसा करावा?

सुप्रीम कोर्टाच्या त्या जिन्याविषयी सांगते. मराठी वाचकांना भारतातली विशेष अनुमती याचिका माहीत असते. राज्यघटनेच्या १३६ व्या अनुच्छेदाखाली देशातल्या जवळजवळ कोणत्याही न्यायालयाच्या वा न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे अनुमती मागता येते. ती मिळणे दुर्मीळ असले तरी मागण्याचा मार्ग खुला असतो. त्यामुळे आपल्याकडे ‘सुप्रीम कोर्टापर्यंत लढू’ हे वाक्य अगदीच पोकळ ठरत नाही. इंग्लंडमधली रचना वेगळी आहे. आश्रय नाकारला गेला की पहिले अपील फर्स्ट टियर ट्रायब्युनलकडे होते, आणि ते हक्काने करता येते. त्यानंतरच्या प्रत्येक पायरीला परवानगी लागते. अपर ट्रायब्युनलकडे जाण्यासाठी आधी फर्स्ट टियरकडेच परवानगी मागायची आणि त्यांनी नाकारली तर अपर ट्रायब्युनलकडे. तेथून कोर्ट ऑफ अपीलकडे जायचे तर आधी अपर ट्रायब्युनलकडे मागायची आणि त्यांनी नाकारली तर कोर्ट ऑफ अपीलकडे. ज्याच्या निकालाबद्दल तक्रार आहे त्यालाच प्रथम ‘तुमच्याविरुद्ध वर जाऊ का’ असे विचारण्याची ही पद्धत मला सुरुवातीला विनोदी वाटत असे. आता तिच्यातला एक उपयोग दिसतो: नकाराची कारणे लेखी मिळतात आणि पुढचा अर्ज त्या कारणांवर नेम धरून लिहिता येतो.

आणि कोर्ट ऑफ अपीलनेही परवानगी नाकारली, तर? तर तेथे रस्ता संपतो. परवानगीच्या नकाराविरुद्ध अपील नसते. सुप्रीम कोर्टाला तशा प्रकरणात हातच घालता येत नाही. सुप्रीम कोर्टाचा मार्ग सहसा उघडतो तो कोर्ट ऑफ अपीलने परवानगी देऊन, प्रत्यक्ष सुनावणी घेऊन निकाल दिला तरच, आणि तेव्हाही सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न असावा लागतो. म्हणून आश्रयाच्या बहुसंख्य प्रकरणांत अंतिम अपील म्हणजे वस्तुतः अपील नसतेच. कोर्ट ऑफ अपीलच्या एका न्यायाधीशासमोर ठेवलेला परवानगीचा अर्ज हीच शेवटची पायरी ठरते. हे मी श. यांना सांगितले. दुभाष्याने ते कुर्दीत सांगायला माझ्यापेक्षा दुप्पट वेळ घेतला, आणि श. यांनी मान हलवून विचारले, “म्हणजे आधी दार वाजवू द्या म्हणून चिठ्ठी पाठवायची?” याहून नेमके वर्णन मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही.

आमचे नशीब एवढेच की आमच्या प्रकरणात अपर ट्रायब्युनलने परवानगी देऊन सुनावणी घेतली होती. अपर ट्रायब्युनलने परवानगीच नाकारली असती, तर कोर्ट ऑफ अपीलकडे जाण्याची सोयच नव्हती. तशा नकाराला आव्हान देण्याची एक अरुंद वाट पूर्वी होती. कार्ट या २०११ च्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने न्यायिक पुनर्विलोकनाला मर्यादित मुभा दिली होती. पण २०२२ च्या कायद्याने, काही अगदी मोजके अपवाद सोडून, ती वाट बंद केली. ज्यांना या क्षेत्राशी देणेघेणे नाही त्यांना हे तांत्रिक वाटेल. आमच्या कार्यालयात मात्र त्या उन्हाळ्यात निम्म्या फायलींवरचे पुढचे पान कोरे झाले.

मुदतीचा हिशेब पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिला. अपर ट्रायब्युनलकडे परवानगी मागायला सुमारे दोन आठवडे. त्यांनी नाकारल्याची सूचना पाठवल्यापासून कोर्ट ऑफ अपीलकडे अर्ज द्यायला २८ दिवस. हे आकडे केवळ शिस्तीचे नसतात. मुदतीत अर्ज असला तर २००२ च्या कायद्यानुसार अपील प्रलंबित मानले जाते, आणि तोवर त्या माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. घर आणि आठवड्याचा भत्ता, जो जानेवारी २०२४ पासून माणशी ४९.१८ पौंड होता, तोही चालू राहतो. मुदत हुकली की उशीर माफ करण्याची विनंती करता येते, पण त्या विनंतीचे छत्र तितके भरवशाचे नसते. श. यांना काम करण्याची परवानगी नव्हती. भत्ता बंद झाला असता तर ते कोणाच्या तरी दिवाणखान्यात झोपले असते, पत्ता बदलला असता आणि होम ऑफिसचे पत्र जुन्याच दारावर पडून राहिले असते. अपिले गुणवत्तेवर हरली जातात त्याहून किती तरी अधिक वेळा ती अशी एखाद्या न पोहोचलेल्या लिफाफ्यात हरतात, असे माझे या कामातले निरीक्षण आहे.

अपर ट्रायब्युनलने अपेक्षेप्रमाणे वर जाण्याची परवानगी नाकारली. दोन परिच्छेद. मग खरे काम सुरू झाले, आणि त्यातला सर्वांत कठीण भाग कायद्याचा नव्हता.

त्याच आठवड्यात श. एक पिशवी घेऊन आले. तिच्यात गावाकडून मागवलेले एक पत्र होते, साथीदाराच्या भावाने लिहिलेले. दोन नवे फोटो होते. आणि एका डॉक्टरांचे पत्र होते. हे सगळे आधीच जोडले असते तर न्यायाधीशांनी आपल्यावर विश्वास ठेवला असता, म्हणून आता हे जोडा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला कुर्दीत बहीण म्हणत, मराठीत सांगायचे तर ताईच. आणि त्या दिवशी प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते तो शब्द उच्चारत होते. मला त्यांना सांगावे लागले की या अर्जात यांतला एकही कागद जोडता येणार नाही. कोर्ट ऑफ अपील नवा पुरावा घेते, पण १९५४ च्या लॅड विरुद्ध मार्शल या प्रकरणापासून चालत आलेल्या कसोट्यांवर: तो पुरावा पुरेशी खटपट करूनही आधी मिळण्यासारखा नव्हता, निकालावर त्याचा महत्त्वाचा परिणाम झाला असता, आणि तो सकृद्दर्शनी विश्वसनीय आहे. आश्रयाच्या प्रकरणांत या कसोट्या थोड्या लवचीक केल्या गेल्या असल्या, तरी भावाचे पत्र तीन वर्षांपूर्वीही मागवता आले असते, याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

“म्हणजे मी खरे सांगतो की खोटे, हे ते पाहणार नाहीत?” त्यांनी विचारले.

पाहणार नाहीत. या टप्प्यावर तो प्रश्न उरलेलाच नसतो. सत्य काय ते ठरवण्याचे काम पहिल्या न्यायाधीशाचे, आणि वरची न्यायालये ते काम पुन्हा हाती घेत नाहीत. तेव्हा येथील सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००७ च्या एएच, सुदान या प्रकरणात बजावले होते की या न्यायाधिकरणांना आपल्या विषयाचे खास ज्ञान असते आणि तथ्यांचे निर्णेते तेच आहेत, त्यामुळे त्यांच्या निकालात चुका हुडकण्याची घाई वरच्या न्यायालयांनी करू नये. वर विचारला जाणारा प्रश्न असा असतो की अविश्वास दाखवताना न्यायाधीशाने कायद्याची चूक केली का: महत्त्वाच्या मुद्द्यावर निष्कर्ष द्यायचा राहिला का, कारणे अपुरी दिली का, पुराव्याशी पूर्ण विसंगत निष्कर्ष काढला का, बंधनकारक निर्णय डावलला का. ज्याने आपल्या आयुष्याची गोष्ट मुलाखतीत, निवेदनात आणि साक्षीत सांगितली आणि तिन्ही वेळा ती अमान्य झालेली ऐकली, त्याला ‘आता गोष्ट बाजूला ठेवा, आपण निकालपत्राच्या वाक्यरचनेविषयी बोलणार आहोत’ असे सांगणे मला अजूनही जमत नाही. मी ते सांगते; पण जमते असे म्हणणार नाही.

आमचा मुद्दा मात्र खरोखरच निकालपत्राच्या वाक्यरचनेत होता. फर्स्ट टियरच्या न्यायाधीशांनी एका परिच्छेदात लिहिले होते की निदर्शनांना जाण्यामागे दाव्याला बळकटी आणण्याचा हेतू होता. सहा परिच्छेदांनंतर लिहिले होते की परत पाठवण्यापूर्वी श. आपले फेसबुक खाते बंद करू शकतील आणि त्यामुळे धोका उरणार नाही. एक्सएक्स प्रकरणात तसे म्हटले आहेच: खात्यावर आधीपासून नेमकी पाळत नसेल, तर ते वेळेवर बंद केल्याने धोका निष्प्रभ होतो. पण या दोन परिच्छेदांच्या मध्ये एक वाक्य असायला हवे होते आणि ते नव्हते. श. यांना कुर्दी हक्कांविषयी स्वतःचे काही राजकीय मत आहे की नाही?

हे वाक्य इतके महत्त्वाचे का, तर एचजे, इराण आणि एचटी, कॅमेरून या जोड प्रकरणांत सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ठरवले की समलिंगी माणसाने छळ टाळण्यासाठी आपली ओळख लपवून जगावे अशी अपेक्षा ठेवून त्याला परत पाठवता येत नाही. २०१२ मध्ये आरटी, झिम्बाब्वे या प्रकरणात तेच तत्त्व राजकीय मताला लावले गेले, आणि त्याही पुढे जाऊन असे म्हटले गेले की ज्याला राजकारणाशी काही घेणे नाही त्यालाही सत्ताधाऱ्यांवरच्या निष्ठेचे खोटे सोंग करायला लावता येत नाही. तेव्हा ‘खाते बंद करील’ असे म्हणण्याआधी ‘का बंद करील’ हे ठरवायला हवे. त्यातला मजकूर निव्वळ दाव्यासाठी केलेला देखावा असेल, तर तो पुसण्यात कोणत्याही मूलभूत हक्काचा त्याग नाही. पण मजकूर टाकण्यामागे थोडा स्वार्थ आणि थोडे खरे मत असे दोन्ही असेल तर? माणसांच्या हेतूंची अशीच सरमिसळ असते. निदर्शनाला गेल्याने आपल्या दाव्याला मदत होईल हे ठाऊक असलेला माणूसही घोषणा मनापासून देऊ शकतो. अपर ट्रायब्युनलने यावर म्हटले होते की निकालपत्र समग्र वाचले तर मत खरे नसल्याचा निष्कर्ष त्यात अध्याहृत आहे. आमचे म्हणणे, आणि आमच्या तरुण बॅरिस्टरबाईंचे म्हणणे, असे की ज्या निष्कर्षावर माणसाचा जीव अवलंबून आहे तो अध्याहृत ठेवता येत नाही.

हा मुद्दा बरोबर आहे, असे मला तेव्हा वाटत होते आणि आजही वाटते. पण दुसऱ्या अपिलाच्या परवानगीला बरोबर असणे पुरत नाही. पहिल्या अपिलात यशाची वास्तव शक्यता दाखवली की भागते. आमचे अपील कायद्याच्या हिशेबाने दुसरे होते, आणि तेथे यशाच्या शक्यतेबरोबर तत्त्वाचा किंवा पद्धतीचा एखादा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. नाही तर दुसरे एखादे सबळ कारण. मायदेशी छळाची भीती हेच सबळ कारण नाही का, असे कोणालाही वाटेल. २०११ च्या पीआर, श्रीलंका या प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलने नेमका हाच युक्तिवाद नाकारला. आश्रयाच्या प्रत्येक प्रकरणात परिणाम भयंकर असू शकतात, म्हणून केवळ परिणामांची भीषणता पुरेशी नाही. कारण कायद्याच्या दृष्टीने सबळ हवे. पुढच्या वर्षी जेडी, काँगो या प्रकरणात थोडी सैल गाठ मिळाली: फर्स्ट टियरमध्ये जिंकलेला माणूस अपर ट्रायब्युनलमध्ये हरला असेल तर परिणामांचे गांभीर्य जमेस धरता येते. श. दोन्हीकडे हरले होते.

त्यामुळे आमचा सारा प्रयत्न असा होता की श. यांचे प्रकरण हे एकट्या श. यांचे नाही, असे दाखवायचे. फेसबुक खाते बंद करता येईल असे गृहीत धरण्यापूर्वी न्यायाधीशाने कोणता निष्कर्ष द्यायलाच हवा, हा प्रश्न इराणमधून आलेल्या किती तरी लोकांना लागू पडतो आणि त्याचे अधिकारवाणीचे उत्तर हवे आहे, असा मुद्दा बॅरिस्टरबाईंनी मांडला. अर्जाच्या पहिल्या मसुद्यात मी श. यांची पार्श्वभूमी दीड पान लिहिली होती: गाव, वडिलांचा व्यवसाय, सीमा ओलांडतानाची थंडी. बाईंनी ती चार ओळींवर आणली. युक्तिवादाच्या सांगाड्याला, ज्याला सगळे येथे स्केलेटन म्हणतात, २५ पानांची मर्यादा असते, पण चांगले बॅरिस्टर तिच्या जवळपासही जात नाहीत. आमचा सांगाडा अकरा पानांचा झाला. वाचणाऱ्या न्यायाधीशाकडे अशा अर्जांचा ढीग असतो, आणि पहिल्या पानावर प्रश्न दिसला नाही तर तो अकराव्या पानावर शोधला जाईल या भ्रमात राहू नये, असे त्या म्हणाल्या. वेदनेची चार ओळींत बोळवण करणे मला रुचले नाही. ते योग्य होते, हेही मला माहीत होते.

विधी साहाय्याचा अर्ज वेगळा, न्यायालयाच्या फीमधून सूट मागणारा अर्ज वेगळा. तेथेही जिंकण्याची शक्यता किती, हे आमच्याच तोंडून वदवून घेतले जाते. त्याविषयी अधिक लिहीत नाही. ज्यांना ते अर्ज भरावे लागतात त्यांना ठाऊक आहे, आणि इतरांना त्यात रस वाटणार नाही. अर्ज सव्विसाव्या दिवशी दाखल झाला.

वाट पाहण्याच्या त्या सात महिन्यांत श. यांनी मला अनेकदा विचारले की आपल्याला लंडनला बोलावतील ना. स्ट्रँडवरची ती मनोऱ्यांची इमारत त्यांनी फोनवर पाहून ठेवली होती, आणि तेथे उभे राहून न्यायाधीशाच्या डोळ्यांत पाहून बोलायची त्यांची तयारी चालू होती. पण २०१६ पासून कोर्ट ऑफ अपील परवानगीचे अर्ज कागदांवरच निकाली काढते. न्यायाधीशाला वाटले तर तोंडी सुनावणी ठेवता येते, परंतु ती मागण्याचा हक्क अर्जदाराला राहिलेला नाही. पूर्वी कागदावर नकार आला तर सुनावणीत पुन्हा मागता येत असे, ते गेले. आणि सुनावणी झालीच असती, तरी बोलल्या असत्या बॅरिस्टरबाईच.

या काळात त्यांना धीर देण्यासाठी मी केव्ही, श्रीलंका हे प्रकरण सांगितले होते, आणि ते सांगायला नको होते असे नंतर वाटले. केव्ही हे तमिळ गृहस्थ, २०११ मध्ये आश्रय मागितलेले. त्यांच्या पाठीवर आणि दंडावर तापलेल्या सळयांचे व्रण होते. अपर ट्रायब्युनलने २०१४ मध्ये असा संशय घेतला की हे व्रण त्यांनी स्वतःच, दावा मजबूत करण्यासाठी, कोणाकडून तरी करवून घेतले असावेत. कोर्ट ऑफ अपीलने २०१७ मध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने त्यांचे अपील फेटाळले. २०१९ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केले. इतक्या यातना कोणी स्वतःहून ओढवून घेईल ही गोष्टच मुळात किती असंभवनीय आहे, याला पुरेसे वजन दिले गेले नव्हते. यातून श. यांनी एवढेच उचलले की आठ वर्षांनी का होईना, माणूस जिंकतो. वास्तविक त्या निकालानेही केव्ही यांना आश्रय मिळाला नाही. प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी अपर ट्रायब्युनलकडे परत गेले. आणि ते वर पोहोचू शकले याचे कारण, त्यांच्या बाबतीत परवानगीची चिठ्ठी स्वीकारली जाऊन कोर्ट ऑफ अपीलचे दार उघडले होते.

आदेश एका मंगळवारी आला. परवानगी नाकारली. कारणांचे तीन छोटे परिच्छेद होते. न्यायाधीशांनी लिहिले होते की फर्स्ट टियरचा निकाल अधिक स्पष्ट असता तर बरे झाले असते, आणि पहिल्या मुद्द्यात तथ्य असल्याचे म्हणता येण्यासारखे आहे. परंतु लागू होणारी तत्त्वे सुस्थापित आहेत, प्रश्न त्यांच्या विशिष्ट प्रकरणातील वापराचा आहे, आणि त्यातून तत्त्वाचा वा पद्धतीचा महत्त्वाचा प्रश्न उद्भवत नाही. शेवटची ओळ छापील होती.

श. आले तेव्हा मी आदेश टेबलावर ठेवला आणि एकेक वाक्य इंग्रजीत सावकाश वाचले. दुभाषी सांगत गेले. दुसऱ्या परिच्छेदाशी श. यांनी हात वर करून थांबवले. तथ्य आहे म्हणतात, म्हणजे आपण बरोबर होतो का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी ते ठरवलेले नाही, मी म्हणाले. ते ठरवण्याची गरज नाही असे त्यांनी ठरवले आहे. दुभाष्यांनी माझ्याकडे पाहिले, मला पुन्हा सांगायला लावले, आणि मग बराच वेळ घेऊन ते कुर्दीत उतरवले. श. यांनी आदेश हातात घेऊन त्यावरची दोन अक्षरे आणि देशाचे नाव बोटाने दाखवले आणि हे आपणच ना, अशी खात्री करून घेतली.

अपिलाचे हक्क संपले, की येथे अशा माणसाला आद्याक्षरांनी ‘एआरई’ म्हणतात. आमच्या कार्यालयातही हा शब्द इतका रुळला आहे की अमुक गृहस्थ एआरई झाले, असे आम्ही एखाद्याला पडसे झाल्यासारखे बोलून जातो. निघालेला निर्णय पुन्हा उघडण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती उघड अन्याय टाळण्यासाठी अत्यंत अपवादात्मक प्रसंगी वापरायची असते आणि आमचे प्रकरण त्यात बसत नव्हते. उरते ते इमिग्रेशन नियमांच्या ३५३ व्या परिच्छेदाखाली होम ऑफिसकडे नवे निवेदन. त्यात दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: सामग्री आधी विचारात घेतली गेलेली नाही, आणि जुन्या सामग्रीबरोबर ती वाचली असता यशाची वास्तव शक्यता निर्माण होते. तो नवा दावा म्हणून स्वीकारला आणि मग नाकारला, तर पुन्हा फर्स्ट टियरकडे अपिलाचा हक्क मिळतो. म्हणजे ती पिशवी आता उघडता येत होती: भावाचे पत्र, फोटो, डॉक्टरांचे पत्र. आणि मुख्य म्हणजे, पहिल्याच दिवशी द्यायला हवे होते ते संपूर्ण फेसबुक खाते. जुन्या प्रतिनिधीला आरोप कळवून त्यांचे म्हणणे मागवणारे पत्रही मी त्याच दुपारी लिहायला घेतले, कारण आधीच्या वकिलावर ठपका ठेवायचा तर त्यांना उत्तर देण्याची संधी दिल्याशिवाय तो कोणी ऐकत नाही.

श. यांनी माझ्या संगणकावरून आपल्या खात्यात प्रवेश केला. माहितीचे कोणकोणते प्रकार उतरवायचे, याची यादी पडद्यावर आली. आम्हाला सगळेच हवे होते. वेचून घेतलेले काही दिले तर तीच जुनी शंका पुन्हा येणार. दुभाषी एकेक नाव सांगत होते आणि श. खूण करत होते. संदेशांच्या रकान्यापाशी ते थांबले. आईने पाठवलेले आवाजी संदेश ती वारल्यापासून त्यांनी कोणाला ऐकवले नव्हते. तेही यात येतील का, ते त्यांनी विचारले.

येतील, मी म्हणाले. होम ऑफिसकडे जातील, आणि अपील झाले तर न्यायाधीशांकडेही. त्यांचे भाषांतर आपल्यालाच करून द्यावे लागेल.

त्यांनी दुभाष्यांकडे पाहिले, आणि आईचे बोलणे तुम्हीच उतरवाल का, असे विचारले. दुभाषी हो म्हणाले. मग श. यांनी त्या रकान्यातही खूण केली.